सुरतेचा कापूस आणि लँकेशायरची भूक

१/
इ.स. १८६३. इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावातील बिअर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांनी न्यायालयात मानहानीचा दावा लावला. प्रतिवादीने स्थानिक वृत्तपत्रातील जाहिरातीत त्यांना 'सुरत ब्रुअर्स' म्हटले, एवढीच तक्रार होती. सुरत हे एका शहराचे नाव, त्यात अब्रू जाण्यासारखे काय? परंतु त्या वर्षी लँकेशायरमध्ये 'सुरत' या शब्दाचा अर्थ बदलला होता. निकृष्ट, घाणेरडे, भेसळीचे, नाइलाजाने गळ्यात पडलेले, असे जे जे असेल ते 'सुरत'.

२/
तापीकाठच्या एका शहराचे नाव सात समुद्रांपलीकडे शिवी कसे झाले? त्याचे उत्तर १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरवर कोसळलेल्या संकटात आहे. इतिहासात ते 'लँकेशायर कॉटन फॅमिन', म्हणजे कापसाचा दुष्काळ, या नावाने ओळखले जाते. युद्ध अमेरिकेत झाले, भूक इंग्लंडमध्ये पसरली आणि भाव खानदेश-वऱ्हाडात चढले.

३/
प्रथम त्या जिल्ह्याची रचना पाहावी लागेल. लिव्हरपूल हे बंदर. तेथे कापसाच्या गासड्या उतरत. मँचेस्टर ही पेठ. तेथे सूत आणि कापड यांचे सौदे होत. दोन्ही शहरे १८३० पासून रेल्वेने जोडलेली होती. भोवती ओल्डहॅम, अॅश्टन, स्टॅलीब्रिज, ब्लॅकबर्न, प्रेस्टन, बोल्टन, रॉचडेल अशा गिरणगावांचा वेढा. ब्रिटनच्या सूतगिरण्यांत ४ लाखांहून अधिक माणसे काम करीत आणि त्यांपैकी बहुसंख्य याच पट्ट्यात होती. कोळसा जवळ, यंत्रे बनवणारे जवळ, बाजार जवळ, कुशल हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. जवळ नव्हती ती एकच गोष्ट, कापूस. त्याचे एक बोंडही इंग्लंडच्या हवेत पिकत नव्हते.

४/
१८६० साली ब्रिटनने सुमारे १३९ कोटी रत्तल कापूस आयात केला. त्यांपैकी सुमारे १११ कोटी रत्तल एकट्या अमेरिकेतून आला, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. हिंदुस्थानचा वाटा होता सुमारे २० कोटी रत्तलांचा. इजिप्त, ब्राझील, वेस्ट इंडीज यांचा मिळून उरलासुरला.

५/
हे अवलंबन अज्ञानातून आलेले नव्हते. अमेरिकन कापूस स्वस्त होता, कारण तो पिकवणारी माणसे गुलाम होती. १८६० च्या जनगणनेनुसार त्या देशात सुमारे ४० लाख गुलाम होते. तो स्वच्छ होता, प्रतवारी केलेला होता, आणि त्याचा तंतू सुमारे एक इंच लांब होता. लँकेशायरची यंत्रे त्याच तंतूच्या मापाने घडली होती. मिसिसिपीच्या मळ्यापासून लिव्हरपूलच्या धक्क्यापर्यंतची सारी व्यवस्था इतकी सुरळीत होती की तिच्याकडे पाठ फिरवण्यात कोणत्याही एका गिरणीमालकाचा फायदा नव्हता. धोका सर्वांचा मिळून होता. स्वस्ताई मात्र ज्याची त्याला मिळत होती.

६/
इशारे मिळाले नाहीत असेही नाही. १८४६ साली अमेरिकेतील पीक बुडाले आणि भाव कडाडले. १८४८ मध्ये मँचेस्टरचे खासदार जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील कापूस लागवडीची चौकशी करणारी संसदीय समिती बसली. १८५७ मध्ये मँचेस्टरमध्ये कॉटन सप्लाय असोसिएशन स्थापन झाली. एकाच देशावर विसंबणे घातक आहे, हेच तिचे प्रतिपादन होते. तिने देशोदेशी बियाणे पाठवले, सरकी काढण्याची यंत्रे पाठवली, पत्रके छापली. युद्धाला तेव्हा ४ वर्षे अवकाश होता.

७/
मात्र संस्थेला मोठे भांडवल द्यायला गिरणीमालक तयार नव्हते. त्यांचे म्हणणे असे की कापूस पिकवणे हे आमचे काम नव्हे. हिंदुस्थान सरकारने रस्ते बांधावेत, बंदरे बांधावीत, मग कापूस आपोआप येईल. सरकारने सर्व कामांतून अंग काढून घ्यावे असे सांगणारी मुक्त व्यापाराची पंढरी म्हणजे मँचेस्टर. तेच मँचेस्टर हिंदुस्थानात मात्र सरकारने सर्व काही करावे अशी मागणी करीत होते. ही विसंगती त्या काळच्या टीकाकारांच्याही नजरेतून सुटलेली नव्हती.

८/
ज्यांनी थोडेफार करून पाहिले त्यांचा अनुभव बोलका आहे. १८६० मध्ये मँचेस्टर कॉटन कंपनी निघाली. धारवाड-हुबळीच्या परिसरात अमेरिकन वाणाचा कापूस चांगला रुजला होता. १८४० च्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकेतून तज्ज्ञ मळेवाले आणवून जे प्रयोग केले, त्यांतले बहुतेक फसले होते, पण धारवाडचा टिकला. हा कापूस मुंबईचा वळसा न घेता कारवारजवळच्या सदाशिवगडावरून थेट जहाजात भरायचा, अशी योजना होती. लँकेशायरच्या रेट्यामुळे उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. कंपनीने गासड्या दाबण्याची यंत्रे पाठवली. ती किनाऱ्यावर पोहोचलीही. पण घाट उतरून तेथवर येणारा रस्ताच पुरा झालेला नव्हता. कापूस वर, यंत्रे खाली. काही वर्षांतच कंपनी गुंडाळली गेली.

९/
आता अमेरिकेकडे वळू. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले. १९ एप्रिलला अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. आरंभी ही नाकेबंदी बरीचशी कागदावरचीच होती, कारण एवढा लांब किनारा अडवण्याइतकी जहाजे उत्तरेकडे नव्हती. कापूस बाहेर जाऊ शकला असता. तो अडवला खुद्द दक्षिणेनेच.

१०/
दक्षिणेचा हिशेब असा होता. कापूस मिळाला नाही तर लँकेशायर बंद पडेल, लाखो मजूर रस्त्यावर येतील, आणि त्या भीतीने ब्रिटन दक्षिणेला मान्यता देऊन युद्धात उतरेल. कापूस हाच राजा, अशी घोषणा साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी १८५८ मध्येच अमेरिकन सिनेटमध्ये केली होती. दक्षिणेच्या सरकारने औपचारिक कायदा केला नाही. मळेवाले, व्यापारी आणि स्थानिक समित्या यांनीच १८६१ चे पीक रोखून धरले. पुढे कित्येक ठिकाणी ते जाळलेही.

११/
हिशेब एका ठिकाणी चुकला. १८५९ आणि १८६० या वर्षांत लँकेशायरने बेसुमार कापड काढले होते. हिंदुस्थान आणि चीनच्या बाजारपेठा त्या कापडाने तुंबल्या होत्या. मँचेस्टरची गोदामे भरलेली, लिव्हरपूलमध्ये कच्च्या कापसाचा साठाही मोठा. मंदी तर येणारच होती, असे अर्थेतिहासाचे अनेक अभ्यासक मानतात. अशा वेळी नाकेबंदीची बातमी आली आणि पडून राहिलेल्या मालाचे भाव चढू लागले. संकटाच्या पहिल्या काही महिन्यांत कित्येक मालकांचे नुकसान नव्हे, तर दिवाळे टळले.

१२/
येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'जिल्हा तग धरून राहिला' या वाक्यात जिल्हा म्हणजे नेमके कोण? ज्याच्या गोदामात जुन्या भावाचा कापूस होता त्याच्यापुढे दोन मार्ग होते: त्याचे सूत कातणे, किंवा कापूस तसाच विकून टाकणे. कातण्यात मजुरी द्यावी लागे, विकण्यात नफा लगेच हाती पडे. दुष्काळाच्या ऐन भरात लिव्हरपूलहून कापूस युरोप खंडात, एवढेच नव्हे तर खुद्द उत्तर अमेरिकेतही, पुन्हा निर्यात होत होता. एकीकडे गिरण्या कापसाअभावी बंद, दुसरीकडे त्याच बंदरातून कापूस बाहेर.

१३/
१८६१ च्या अखेरीस गिरण्या आठवड्यातील काही दिवसच चालू लागल्या. १८६२ च्या उन्हाळ्यात एकामागून एक धुराडी थंडावली. त्या वर्षी अमेरिकेतून ब्रिटनला जेमतेम दीड कोटी रत्तलांच्या आत कापूस मिळाला, १११ कोटींच्या जागी. नोव्हेंबर १८६२ मध्ये या पट्ट्यातील सुमारे ३ लाख ३१ हजार कामगार पूर्णपणे बेकार होते, म्हणजे दर पाचांतील तीन. मुलेबाळे धरून सुमारे ५ लाख माणसे सार्वजनिक मदतीवर जगत होती.

१४/
तडाखा सर्वत्र सारखा बसला नाही. बोल्टनच्या गिरण्या तलम सूत कातत आणि त्यासाठी इजिप्तचा लांब तंतूचा कापूस वापरत. त्या तुलनेने सावरल्या. ओल्डहॅममध्ये जाडेभरडे सूत निघे. हिंदी कापसाची तेथे थोडीबहुत सवय होती आणि प्लॅट ब्रदर्ससारखे यंत्रांचे मोठे कारखानेही होते. जगभरात नव्याने कापूस लावला जाऊ लागला तशी सरकी काढणाऱ्या यंत्रांना मागणी आली आणि ओल्डहॅमच्या लोहारकामाला काम मिळाले. याउलट अॅश्टन, स्टॅलीब्रिज, प्रेस्टन, ब्लॅकबर्न येथे कापसावाचून दुसरा धंदाच नव्हता. ती गावे आडवी झाली. शेजारच्या यॉर्कशायरमधील लोकर आणि अल्स्टरमधील लिनन यांच्या धंद्यांना मात्र त्याच काळात बरकत आली.

१५/
मग पर्याय म्हणून हिंदी कापूस आला. पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या सगळ्याच कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'सुरत' म्हणत. माल खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो की काठेवाडचा, आणि जहाज मुंबईहून सुटलेले असो, एकेकाळच्या मोठ्या बंदराचे नाव त्याला चिकटून राहिले होते. १८६२ साली ब्रिटनच्या एकूण आयातीत हिंदी कापसाचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांशावर गेला. कागदावर पाहिले तर पुरवठ्याची साखळी पुन्हा जुळली होती.

१६/
कागद आणि साचा यांत फरक असतो. सुरती कापसाचा तंतू आखूड, पाऊण इंचाच्या आसपास. अमेरिकन तंतूच्या मापाने बसवलेल्या कातण्याच्या यंत्रांत रूळांमधील अंतर बदलावे लागे. गासडीत माती, पाने, सरकीचे तुकडे, क्वचित दगडही निघत. पिंजण्यात आणि साफ करण्यात तूट कितीतरी अधिक. सूत निघाले तरी ते कमकुवत. मागावर ताण्याचे धागे पुन्हा पुन्हा तुटत आणि विणकर ते जोडत बसे. मजुरी दिवसाची नव्हती, कापडाच्या नगावर होती. म्हणून पूर्वीइतकाच वेळ राबून, किंबहुना अधिक राबून, हाती येणारे पैसे निम्म्यावर येत.

१७/
धागा तुटू नये म्हणून मालकांनी दोन उपाय योजले. एक म्हणजे मागशाळेत वाफ सोडून हवा दमट ठेवणे. दुसरा, ताण्याला दिल्या जाणाऱ्या खळीत चिनी मातीचे प्रमाण वाढवणे. त्यामुळे कापड जड भरे आणि कापूस कमी लागे. त्या ओल्या, धुळीच्या हवेचा हिशेब विणकराच्या छातीत जमा होत गेला. भारी खळीची ही सवय कापूस मुबलक झाल्यावरही सुटली नाही. १८७० च्या दशकात या प्रश्नावर सरकारी चौकशी झाली.

१८/
स्टॅलीब्रिजचा विणकर सॅम्युअल लेकॉक स्वतः बेकार झाला होता. त्याने तेथील बोलीत सुरती कापसावर एक गीत रचले आणि ते गावोगावी गायले गेले. एका प्रार्थनासभेचा किस्साही सांगितला जातो: कोणी तरी देवाकडे कापूस मागू लागला, तेव्हा मागून एकाने कळवळून पुस्ती जोडली की देवा, सुरतेचा मात्र नको! किस्सा खरा असो वा रचलेला, तो पसरला यातच त्याचा अर्थ आहे. बिअरवाल्यांचा दावा याच वातावरणातला.

१९/
कापूस एवढा घाणेरडा का होता? लिव्हरपूलच्या दलालाने उत्तर दिले असते की हिंदी शेतकरी लबाड आणि आळशी. वस्तुस्थिती वेगळी होती. खानदेश-वऱ्हाडातील कुणबी पेरणीच्या वेळीच सावकाराकडून उचल घेई आणि पीक उभे असतानाच ते त्याच्या नावावर झालेले असे. कापूस स्वच्छ वेचला म्हणून त्याला एक पैसाही अधिक मिळत नव्हता. मग माल गावच्या वाण्याकडून पेठेतल्या व्यापाऱ्याकडे, तेथून आडत्याकडे, तेथून मुंबईच्या निर्यातदाराकडे जाई. प्रत्येक टप्प्यावर वजन वाढवण्यात फायदा होता, स्वच्छतेत कोणाचाच नव्हता. मुंबई सरकारने १८६३ मध्ये भेसळीविरुद्ध 'कॉटन फ्रॉड्स अॅक्ट' केला. कायद्याने निरीक्षक आले. उचल देण्याची पद्धत तशीच राहिली.

२०/
वाहतुकीचीही तीच कथा. वऱ्हाडातला माल बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल येई. वाटेत धूळ, पाऊस, नद्या. रेल्वे बांधली जात होती, पण सह्याद्री आडवा होता. बोरघाटाचा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला, थळघाटाचा १ जानेवारी १८६५ रोजी. नागपूरपर्यंत गाडी पोहोचली १८६७ मध्ये. म्हणजे लँकेशायरला जेव्हा एकेक गासडी सोन्याच्या मोलाची होती, तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलाच्या चालीने येत होता. लोहमार्ग पुरा झाला तोवर युद्ध संपले होते.

२१/
हिंदुस्थानातून ब्रिटनला जाणारा कापूस १८६० मधील सुमारे २० कोटी रत्तलांवरून १८६४ मध्ये सुमारे ५० कोटींवर गेला. लागवड वाढली हे खरे. परंतु वाढीव मालाचा मोठा भाग नव्या शेतांतून आलेला नव्हता. जो कापूस पूर्वी चीनला जाई तो लिव्हरपूलकडे वळला, आणि जो देशातच कातला-विणला जाई तोही. भाव इतके चढले की मुंबईत लोकांनी गाद्या उसवून आतला जुना कापूस विकला, अशा आठवणी सांगितल्या जातात. गादी विकणाऱ्याला चार पैसे मिळाले. पण हातमागावर बसणाऱ्या साळ्या-कोष्ट्याला सूत परवडेनासे झाले. लँकेशायरच्या विणकराला मिळालेले काम येथल्या विणकराच्या मागावरून उचललेले होते. त्याच्यासाठी कोणत्याही शहरात मदतनिधी उभा राहिला नाही.

२२/
मुंबईच्या सट्ट्याची कहाणी अनेकांना परिचित आहे. युद्धाच्या काळात मुंबईकडे कापसापोटी सुमारे ८ कोटी पौंडांची जादा संपत्ती आली, असा अंदाज मांडला जातो. बॅका, समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद यांचे साम्राज्य, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच झालेली पडझड. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली. या झगमगाटामुळे लँकेशायरकडची बाजू बहुधा अंधारात राहते, म्हणून पुन्हा तिकडे.

२३/
बेकारांनी सुरुवातीला मदत मागितलीच नाही. आधी बचत बँकांतले पैसे संपले. मग घरातील सामान गहाण गेले: घड्याळ, रविवारचे कपडे, शेवटी अंथरूण. रॉचडेलच्या कामगारांनी १८४४ मध्ये सुरू केलेल्या सहकारी भांडाराचे अनुकरण अनेक गावांत झाले होते. तेथील सभासदांना आपली शिल्लक थोडीथोडी काढून काही महिने निभावता आले. हे सर्व संपल्यावर उरला तो 'पुअर लॉ'. त्याच्या नियमाप्रमाणे धडधाकट माणसाने मदतीच्या बदल्यात दगड फोडायचे. ज्या बोटांत केसासारखा धागा जोडण्याचे कसब होते, ती बोटे आता खडी फोडू लागली. मदतीच्या रकमेपेक्षा हा अपमानच लोकांना अधिक झोंबला.

२४/
लंडनच्या मॅन्शन हाउसमधून आणि मँचेस्टरच्या मध्यवर्ती समितीकडून मोठे निधी उभारले गेले. मध्यवर्ती समितीचे अध्यक्षपद लॉर्ड डर्बी यांच्याकडे होते. वसाहतींतूनही पैसा आला. मुलींसाठी शिवणवर्ग निघाले, पुरुषांसाठी साक्षरतेचे वर्ग. वर्गात बसले तर मदत मिळे. काहींना या वर्गांत आयुष्यात प्रथमच लिहितावाचता आले, हेही नोंदवले पाहिजे.

२५/
मार्च १८६३ मध्ये स्टॅलीब्रिजच्या समितीने ठरवले की यापुढे रोख रक्कम नाही, दुकानाची कुपने मिळतील. म्हणजे पैसे कोठे आणि कशावर खर्च करायचे हेही समितीच ठरवणार. लोकांनी कुपने नाकारली. दगडफेक झाली, समितीचे कोठार फोडले गेले, दंगलविरोधी कायदा वाचून दाखवण्यात आला, घोडदळ बोलावले गेले. दंगल शेजारच्या अॅश्टन आणि डुकिनफील्डमध्ये पसरली. दोन वर्षे निमूटपणे उपासमार सोसणारा 'सहनशील' मजूर म्हणून ज्याचे वृत्तपत्रांनी कौतुक केले होते, तोच हा मजूर.

२६/
त्या धक्क्याने सरकार हलले. १८६३ च्या उन्हाळ्यात 'पब्लिक वर्क्स (मॅन्युफॅक्चरिंग डिस्ट्रिक्ट्स) अॅक्ट' मंजूर झाला. नगरपालिकांना प्रारंभी १२ लाख पौंडांपर्यंत स्वस्त कर्ज देऊन गटारे, रस्ते, पाणीपुरवठा, उद्याने यांची कामे काढायची, अशी तरतूद होती. रॉबर्ट रॉलिन्सन या अभियंत्याने देखरेख केली. प्रत्यक्षात काही हजारांनाच काम मिळाले आणि तेही संकटाचा कळस ओलांडल्यावर. पण बेकारीवर उपाय म्हणून राज्यसंस्थेने उपयुक्त कामे मजुरी देऊन काढावीत, हा विचार मुक्त व्यापाराच्या माहेरघरी कायद्यात उतरला. ओल्डहॅमचे अलेक्झांड्रा पार्क हे १८६५ मध्ये खुले झालेले उद्यान याच मजुरांच्या हातचे आहे.

२७/
दक्षिणेला ज्या उठावाची आशा होती तो झाला नाही. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. गुलामगिरी नष्ट करण्याच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र सभेने लिंकन यांना पाठवले. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्याला उत्तर दिले. पुढच्या महिन्यात 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' हे अमेरिकन जहाज मदतीचे धान्य-पीठ घेऊन लिव्हरपूलला लागले. मँचेस्टरच्या लिंकन स्क्वेअरमध्ये आज लिंकन यांचा पुतळा उभा आहे तो याच नात्याची खूण म्हणून.

२८/
मात्र पुतळ्यांचा इतिहास थोडा गुळगुळीत असतो. मेरी एलिसन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की लँकेशायरचे मन एक नव्हते. ज्या गावांना सर्वाधिक झळ लागली त्यांपैकी अनेक ठिकाणी नाकेबंदी मोडून काढावी, दक्षिणेला मान्यता द्यावी, अशा सभाही भरत होत्या. त्यांच्या मतावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. मँचेस्टरची सभा खरी, तिचे पत्रही खरे. उपाशी माणसाने तत्त्व सोडले नाही ही गोष्ट मोठीच आहे. ती मोठी आहे याचे कारण हेच की तसे करणे सोपे नव्हते आणि सर्वांनी तसे केले नाही.

२९/
१८६४ मध्ये अमेरिकन कापसाचा भाव रत्तलाला २७ पेन्सच्या घरात होता. युद्धापूर्वी तो ७ पेन्सच्याही खाली असे. अशा भावात ज्यांनी माल भरला होता त्यांना आता युद्धापेक्षा तहाची भीती वाटू लागली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत शांततेच्या वाटाघाटींच्या नुसत्या अफवेने भाव कोसळले आणि लिव्हरपूल-मँचेस्टरमधील कितीतरी पेढ्या बुडाल्या. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले. टिकले ते मोठे भांडवल असलेले. छोटे, उसन्या पैशावर भाड्याच्या जागेत चार माग चालवणारे मालक नाहीसे झाले.

३०/
खानदेश-वऱ्हाडात भाव उतरले, पण तेजीच्या काळात काढलेले कर्ज आणि तेजी गृहीत धरून वाढलेला सारा उतरला नाही. इजिप्तची गतही निराळी नव्हती. त्याची कापूस निर्यात या काळात तिपटी-चौपटीने वाढली. खेदिव इस्माईलने त्या भरवशावर कर्जे उचलली. १८७६ मध्ये देश दिवाळखोर झाला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा तेथे उतरल्या.

३१/
आणि लँकेशायर? अमेरिकेत गुलामगिरी संपली. पण कापूस पिकवणारी माणसे बहुतांशी तीच राहिली, आता कर्जाने बांधलेल्या बटाईदारीत. १८७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बाजारात अमेरिकन कापूस पूर्ववत अग्रस्थानी होता. सुरती कापसाची मागणी आटली आणि तो युरोप खंडाकडे आणि पुढे मुंबईच्या स्वतःच्या गिरण्यांकडे वळला. कॉटन सप्लाय असोसिएशन १८७२ मध्ये बरखास्त झाली. अमेरिकन कापसावरील अवलंबन कमी व्हावे म्हणून साम्राज्यात अन्यत्र कापूस पिकवावा, या हेतूने १९०२ मध्ये मँचेस्टरमध्ये एक नवी संस्था निघाली. तिचे नाव ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन.